खानदेशातून ई-कथानियतकालिक काढायचं म्हणतोय. सल्ले, शिव्या दोन्ही चालतील

पांझरेकाठी

राम राम मंडळी.

आम्ही तिघं आहोत. मी धुळ्यात, एक मित्र चोपड्याला शिक्षक, तिसरा चाकणला कंपनीत. फक्त कथांचं, फक्त मोबाइल-संगणकावर वाचायचं नियतकालिक काढायचं डोक्यात आहे. कुठल्या संस्थेच्या, पुढाऱ्याच्या किंवा प्रकाशकाच्या पदराखाली जायचं नाही. छपाई नाही, शुभेच्छा-जाहिराती नाहीत, कविताही नाहीत. (कवितेवर राग नाही. पण ते दार एकदा उघडलं की कथेला उभं राहायला जागा उरत नाही.)

कारण साधं आहे. कथा छापणारी मासिकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. बाकी सगळा भार दिवाळी अंकांवर. म्हणजे आपल्या भागातल्या नव्या लेखकानं वर्षातून एकदा कथा पाठवायची आणि नरकचतुर्दशीपर्यंत वाट बघायची. बरं, घेतली तर "जरा बोली कमी करा" हा निरोप ठरलेला.

सध्याचा विचार असा: दर महिन्याला अंक, फुकट, पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर सोडायचा. लेखकांना सुरुवातीला मानधन नाही, पुढे बघू. प्रश्न तीन आहेत. पीडीएफ बरं की ईपब की सरळ वेबसाइट? किंमत ठेवावी का? आणि हे चालेल का?

केळीचं_खोड

कविता नाहीत असं मोठ्या अक्षरात लिहा. तरीही पहिल्या आठवड्यात शंभर येतील. त्यातल्या निम्म्या आईवर, उरलेल्या पावसावर.

मुद्रितशोधन_करून_मिळेल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचे लोक तत्त्वज्ञान सांगतीलच.

ए-फोर आकाराची पीडीएफ मोबाइलवर वाचणं ही शिक्षा आहे. दोन बोटांनी मोठं करा, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवा, परत डावीकडे या. दुसऱ्या पानावर माणूस क्रिकेटचा स्कोअर बघायला निघून जातो. पीडीएफच करायची असेल तर पान मोबाइलच्या पडद्याच्या आकाराचं घ्या, अक्षर मोठं ठेवा. चित्रं भरून चाळीस एमबीची फाइल करू नका, शिरपूरच्या पलीकडे ती उतरवून घेता घेता लोक झोपतात.

ईपब म्हणजे आतून वेबपानंच, एका झिपमध्ये बांधलेली. अक्षर लहानमोठं केलं की मजकूर आपोआप पडद्यात बसतो. कॅलिबर आणि सिजिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आठवडाभर डोकं खाजवलं की जमतं. किंडलवाल्यांनाही २०२२ पासून ईपबच मेलनं पाठवता येतं. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या: मुक्ता, तिरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ देवनागरी. तो ईपबमध्येच सोबत बांधून द्या, नाहीतर वाचणाऱ्याच्या फोनमध्ये जो असेल तो येईल आणि जोडाक्षरांचे पाय मोडतील.

आता खरी डोकेदुखी. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या कथा डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेल्या असतील, म्हणजे श्रीलिपी नाहीतर कृतिदेव, युनिकोड नसलेले जुने फॉन्ट. त्या युनिकोडमध्ये आणल्या की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि 'ऱ्या'चं काय होईल ते सांगता येत नाही. अशी कथा ओळीगणिक मूळ प्रतीशी ताडून बघावी लागते. हे काम कोण करणार ते आधी ठरवा. तिघांपैकी एकाचं नाव घ्या, "आपण सगळे मिळून" असं म्हणू नका.

विनामूल्य_वाचक

फुकटच ठेवा हो. मराठी माणूस कथेसाठी पैसे देत नाही.

भुसावळ_लोको

वरच्या नावाला साजेसा प्रतिसाद. :)

पांझरेकाठी, मी आणि दोन मित्रांनी मागे छापील त्रैमासिक चालवलं होतं. नाव सांगत नाही, सांगून कुणाला आठवणार नाही. एका वितरकाकडे अंक ठेवले होते, त्यानं ना पैसे दिले ना अंक परत केले. तो त्रास तुम्हाला नाही, कारण तुमचा माल गोदामात अडकणार नाही. पण दुसरी गोष्ट तुमच्याही वाट्याला येणार, म्हणून लिहितोय.

पहिला अंक कुणीही काढतो. ओळखीचे लोक त्यांच्या सगळ्यात चांगल्या कथा देतात, कारण त्या पाच वर्षं ट्रंकेत पडून असतात. दुसऱ्या अंकाला तेच लोक उरलेल्या कथा देतात. तिसऱ्याला संपादक स्वतःच टोपणनावानं लिहायला लागतात. म्हणून पहिला अंक प्रसिद्ध करायच्या आधी तीन अंकांच्या कथा हातात पाहिजेत, संपादन होऊन, तपासून. आणि नावात 'मासिक' घालू नका. महिना फार लवकर संपतो.

संपादन म्हणजे काय तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं शुद्धलेखन तपासलं की झालं. आमच्याकडे जामनेरकडची एक कथा आली होती, जुन्या डायरीच्या पानांवर लिहिलेली. बाप आणि मुलगा कापसाची गाडी घेऊन जिनिंगला जातात. पहिली दोन पानं मुलाचं बालपण, आईचं आजारपण, गावाचं वर्णन. तिसऱ्या पानावर गाडी काट्यावर चढते, व्यापाऱ्याचा माणूस काटा मारतो, मुलाला ते दिसतं आणि बाप त्याचा हात दाबतो. कथा तिथून सुरू होते! लेखकाला म्हटलं, पहिली दोन पानं काढा. तो चिडला. पंधरा दिवसांनी त्यानंच फोन केला, म्हणाला काढली, पण आईच्या औषधाची चिठ्ठी बापाच्या खिशात ठेवली आहे, तेवढी राहू द्या. त्या चिठ्ठीनं कथा उभी राहिली. बाप गप्प का बसला ते न सांगता कळलं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही, आणि दर महिन्याला सहा कथांवर तर अजिबात होत नाही. नोकरी सांभाळून तर नाहीच नाही.

केळीचं_खोड

ती कथा कुठे मिळेल वाचायला?

भुसावळ_लोको

माझ्या माळ्यावर, गठ्ठ्यात.

सातपुडा_पायथा

"मानधन पुढे बघू" हे वाक्य वाचून प्रतिसाद देतेय, थोडा तिखट वाटेल.

वेबसाइटच्या नावाला पैसे देणार. मुखपृष्ठवाल्याला देणार. फोनचं बिल भरणार. आणि ज्याच्यामुळे हे सगळं आहे त्याला "पुढे बघू"? मी शहाद्याकडे शिकवते. आमच्याकडे लिहिणारी मुलं आहेत, पावरा आहेत, भिल्ल आहेत, गुजर आहेत. सुट्टीत ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणारी. त्यांच्याकडून कथा मागताना "आम्ही तुला व्यासपीठ देतो" असं म्हणायला मला लाज वाटते. हजार रुपये द्या. पाचशे द्या. पण अंक निघाल्याच्या दिवशी द्या. आणि नकार असेल तर तोही कळवा. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका ठिकाणी कथा पाठवली होती. घेतली, नाही घेतली, पोचली, काहीच कळलं नाही. त्यानं नंतर लिहिलंच नाही.

विनामूल्य_वाचक

ताई, भावना कळल्या. पण पैसा आणायचा कुठून? ही काही कॉर्पोरेट कंपनी नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हातानं लिहून दैनिक चालवलं, त्यांनी कुणाला मानधन दिलं होतं?

सातपुडा_पायथा

गुरुजी स्वतः लिहीत होते, भाऊ. स्वतः रात्री जागून फुकट लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याकडून फुकट लिहून घेणं वेगळं. तुम्ही लिहा फुकट, आम्ही वाचू.

तिकीट_खिडकी

हिशेब मांडू या, भांडण कमी होईल. वर्षाला चार अंक, अंकाला सहा कथा, कथेला हजार रुपये. झाले चोवीस हजार. वर्षाची वर्गणी दोनशे धरली तर एकशे वीस वर्गणीदार लागतात. तीन जिल्हे, शिवाय नाशिक-पुणे-सुरतेला गेलेली आपली माणसं, एवढ्यांतून एकशे वीस मिळत नसतील तर अंक काढूच नये. यूपीआयनं सरळ खात्यात घेतले तर मध्ये कुणी खात नाही. पेमेंट गेटवे लावलं तर दोन टक्क्यांच्या आसपास जातात.

आणि व्हॉट्सॲपच्या भरवशावर राहू नका. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं बसतात, शिवाय ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ग्रुप केला तर अंकाच्या खाली गुड मॉर्निंगची फुलं. लोकांचे ईमेल पत्ते गोळा करा. कंटाळवाणं आहे, पण यादी तुमच्या हातात राहते.

वकीलसाहेब_पारोळा

मानधन द्या न द्या, कागद करा.

प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा अंक दुबईतला माणूसही उघडणार, म्हणून 'जगभर' हा शब्द घाला. आणि मुळात सगळे हक्क मागू नका. प्रथम प्रसिद्धीचा हक्क, सहा महिने दुसरीकडे द्यायची नाही, नंतर लेखक मोकळा, अंकाच्या संग्रहात मात्र कथा कायम राहील. ध्वनिमुद्रण, चित्रपट, अनुवाद लेखकाकडेच. एका पानात बसतं. उद्या कुणाच्या कथेवर वेबसिरीज निघाली तर तुम्ही तिघं आणि तो लेखक एकमेकांशी बोलत असाल, याची ती सोय.

उधना_दरवाजा

भो, मासिक काढानं सोपं शे, पन वाचनार कोठून लयशी?

मी सुरतला असतो. इथे लिंबायत, उधना भागात गल्लीच्या गल्ल्या आपल्या आहेत. लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस घरी येऊन ईपब उघडणार नाही. पण तोच माणूस यूट्यूबवर अहिराणी गाणी, अहिराणी कॉमेडी तासन् तास बघतो. कथा ऐकवा. ज्या गावचा लेखक त्याच गावच्या माणसाकडून वाचून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, पंख्याचा आवाज आला तरी चालेल. मी पैसा देसू, पन कथा आपली बोलीनी पाहिजे.

पुणेकर_नाइलाजाने

ऐकवायची कल्पना मस्त. पण बोलीचं जरा जपून. मूळचा पाचोऱ्याचा असूनही मला पूर्ण अहिराणीतली दहा पानं वाचायला जड जातं. साताऱ्याच्या वाचकाचं काय? निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत आणि शेवटी शब्दार्थांची यादी, एवढी तडजोड करायला हरकत नसावी.

गुळनदी

(चोपड्याचा शिक्षक तो मीच.)

शब्दार्थांची यादी आली की कथेचं पाठ्यपुस्तक होतं, शेवटी स्वाध्याय तेवढे राहतात. वाचकाला एखादा शब्द अडला तर अडू दे. मालवणीतल्या कथा आपण जळगावात बसून वाचल्याच की, यादीविना.

दुसरं म्हणजे खानदेश म्हटलं की सगळे अहिराणीवर येऊन थांबतात. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, तिचा ठेका निराळा. तडवींची बोली आहे, गुजरी आहे, वर सातपुड्यात पावरी. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांच्या ओळी अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत, त्या काय आधी कुणी प्रमाण मराठीत करून दिल्या होत्या? लेखकानं किती बोली वापरायची ते कथा ठरवेल. आम्ही एवढंच बघू की एकाच कथेत तोच शब्द तीन प्रकारे लिहिलेला नसावा. त्याची वही मी ठेवायला घेतली आहे आणि ती आत्ताच डोकं खातेय.

पुणेकर_नाइलाजाने

मालवणीला रंगभूमीनं कान तयार करून दिले होते, सर. आपल्याला तसं कुणी दिलेलं नाही. मत बदललेलं नाही, पण वर्गणी भरतो.

खळ्यावरून

विषय निघालाच आहे तर: अमळनेरला २०२४ च्या संमेलनात पुस्तकांच्या गाळ्यांवर फिरलो होतो. गर्दी होती, लोक पुस्तकं घेत होते. पण आपल्या भागातल्या तरुण लेखकाची नवी कथा मागितली की गाळेवाले गेलेल्या माणसांची पुस्तकं पुढे करत होते. मागणी आहे, माल नाही.

बाकी त्या वेळी खाल्लेली शेवभाजी...

केळीचं_खोड

शेवभाजी जळगावची की धुळ्याची यावर वेगळा धागा आहे, तिथे अजून हाणामारी सुरू आहे. कृपया तिकडे जा. (धुळ्याची.)

रात्रपाळी

मी विज्ञानकथा वाचतो, त्यामुळे बाहेरचं एक उदाहरण. क्लार्क्सवर्ल्ड नावाचं अमेरिकन ई-मासिक २००६ पासून चालू आहे. वेबसाइटवर कथा फुकट वाचता येतात, तरी लेखकाला शब्दामागे पैसे मिळतात. ते येतात कुठून? ज्यांना मासिक टिकावं असं वाटतं अशा वर्गणीदारांकडून. म्हणजे 'फुकट की विकत' हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. वाचन मोकळं ठेवा, वर्गणी ऐच्छिक ठेवा.

त्यांच्याकडून आणखी दोन धडे. एक, फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा असा लोंढा आला की त्यांना कथा स्वीकारणं काही काळ बंद ठेवावं लागलं. तुम्हाला मानधन द्यायचंय ना, मग तुमच्याकडेही हे येणार. अहिराणीत लिहायला सांगितलं तर यंत्र सध्या अडखळतं, पण त्यावर किती दिवस विसंबणार! लेखकाशी एकदा फोनवर बोला, कथेबद्दल दोन प्रश्न विचारा. ज्यानं लिहिलीय तो अर्धा तास सोडत नाही.

दोन, त्याच वर्षी ॲमेझॉननं किंडलवरची मासिकांची वर्गणी योजना बंद केली. ज्यांचे वर्गणीदार त्या दुकानातून येत होते त्यांची पंचाईत झाली, कारण वाचकांचे पत्ते दुकानदाराकडे. वर तिकीट_खिडकी म्हणतात ते याचसाठी.

विनामूल्य_वाचक

ऐच्छिक असेल तर मी शंभर देईन. नाव बदलायला लावू नका.

प्राध्यापक_नंदुरबार

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. ऑनलाइन नियतकालिकालाही मिळतो, आपल्याकडे त्याला शुल्क नाही.

भुसावळ_लोको

घ्या जरूर. फक्त तो मुखपृष्ठावर ठळक छापू नका, नाहीतर कथांऐवजी प्राध्यापकांचे शोधनिबंध, 'ग्रामीण साहित्यातील स्त्री-प्रतिमा: एक अभ्यास' येऊन पडतील.

प्राध्यापक_नंदुरबार

हे मला उद्देशून होतं हे कळलं. माझी कथाही तयार आहे, नऊ हजार शब्दांची. चालेल?

पांझरेकाठी

सगळे प्रतिसाद आम्ही तिघांनी बसून वाचले, चाकणवाला व्हिडिओ कॉलवर. ठरलं ते असं.

मासिक नाही. वर्षाला तीन अंक: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, श्रावणात कानबाईच्या वेळी आणि संक्रांतीला. दिवाळी मुद्दाम सोडली, त्या गर्दीत आपला आवाज जाणार नाही. अंकाला पाच कथा, कथेला हजार रुपये, अंक निघेल त्या दिवशी. वर्षाचे पंधरा हजार झाले. पहिल्या वर्षाचे आम्ही तिघं पाच-पाच हजार घालून बाजूला ठेवतोय, म्हणजे वर्गणी आली नाही तरी लेखकाचे बुडणार नाहीत. वाचन वेबसाइटवर मोकळं. वर्गणी ऐच्छिक दोनशे, वर्गणीदाराला ईपब आणि मोबाइलच्या आकाराची पीडीएफ मेलवर. अंकातली एक कथा ऐकायला, लेखकाची वेगळी परवानगी घेऊन. शब्दार्थांची यादी नाही. यावर आमच्यातही दोन विरुद्ध एक झालंय, एक म्हणजे मी. युनिकोडची तपासणी चाकणवाल्याच्या गळ्यात, त्यानं हो म्हटलंय, नाइलाजानं.

भुसावळ_लोको म्हणतात तशा तीन अंकांच्या कथा, म्हणजे पंधरा, हातात आल्याशिवाय पहिला अंक निघणार नाही. आत्ता चार आहेत. त्यातली एक माझी आहे, ती धरत नाही.

नऊ हजार शब्द चालतील सर, पण लोको म्हणतात तशी पहिली दोन पानं काढावी लागतील कदाचित.

वकीलसाहेब, त्या एका पानाचा मसुदा तुम्हीच द्याल का?

वकीलसाहेब_पारोळा

रविवारी टाकतो. फी म्हणून आजन्म वर्गणी.

सातपुडा_पायथा

नकार किती दिवसांत कळवणार ते लिहिलेलं नाही.

पांझरेकाठी

सहा आठवडे. कारणासकट, निदान दोन ओळी. त्याहून उशीर झाला तर इथे नाव घेऊन विचारा.

सातपुडा_पायथा

विचारणारच. दोन मुलांच्या कथा पाठवते, एक टाइप केलेली, एक वहीच्या पानांचे फोटो. आणि ती पावरीतली आहे, देवनागरीत लिहिलेली. तिघांपैकी कुणाला वाचता येते का ते आधी सांगा, नाहीतर मी सोबत बसून वाचून दाखवीन.

गुळनदी

मला अर्धीमुर्धी कळते. तुम्ही वाचून दाखवा, मी शनिवारी शहाद्याला येतो.

उधना_दरवाजा

दोनशे पाठवतोय, यूपीआय टाका. मुखपृष्ठावर बैलगाडी आणि मावळता सूर्य आला तर परत मागेन.